नाशिक रोडच्या मेळाव्याआधी : तोपखान्याच्या जुन्या गड्यांसाठी

सगळ्यात आधी नावांची यादी. आर्टिलरी सेंटरच्या, म्हणजे आपल्या तोपखान्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या, गेटवर ‘मी इथलाच’ म्हटलं म्हणून कुणी आत सोडत नाही, आणि सोडूही नये. प्रत्येकाचं नाव, रँक, आर्मी नंबर, गाडीचा नंबर आणि सोबत येणाऱ्यांची आधारवर आहेत तशीच नावं निदान महिनाभर आधी एका माणसाकडे जमा व्हायला हवीत. हा माणूस हेडक्लार्क स्वभावाचा बघा, गप्पिष्ट नको. माजी सैनिकाचं ओळखपत्र मूळ आणायचं, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. मुलगी-जावई परदेशी पासपोर्टवर असतील तर आताच सांगा. लष्करी हद्दीत त्यांना वेगळी परवानगी लागते आणि ती आदल्या दिवशी मिळत नाही.

आता माझ्या मते खरं काम. मेळावा रविवारी ठेवू नका, कामाच्या दिवसाला जोडून ठेवा, कारण आपली नोकरी-पेन्शनची कागदपत्रं सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिसही नाशिक रोड कॅम्पातच आहे. डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवापुस्तक) काढा, पीपीओ (पेन्शनचा आदेश) काढा आणि बायकोचं नाव दोन्हीकडे कसं लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. आपल्याकडे भरतीच्या वेळी माहेरचं नाव, लग्नानंतर सासरचं, आधारवर तिसरंच, असा घोळ घरोघरी आहे. जन्मतारखेचंही तेच. आपण आहोत तोवर हे कुणाला बोचत नाही. आपल्यामागे फॅमिली पेन्शनसाठी ती बाई अर्ज घेऊन उभी राहते तेव्हा एक वेलांटी महिनोन्‌महिने छळते. म्हणून लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, दोघांचं आधार, बँक पासबुक आणि नवरा-बायकोचा जोड-फोटो यांच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या. काम त्याच दिवशी होईल असं नाही, पण काय कमी आहे ते समोरासमोर कळेल. बायकांना सोबत आणाच. कागद कुठे ठेवलेत हे निम्म्या घरांत त्यांनाच ठाऊक असतं.

कपडे साधे. ब्लेझर, लाल-निळा टाय, मेडल्स डाव्या बाजूला. जुनी कॉम्बॅट वर्दी कुणी हौसेनं चढवू नये, पोट आणि नियम दोन्ही आड येतात. आपल्या दिवंगत सोबत्यांच्या पत्नी आल्या तर नवऱ्याची मेडल्स उजवीकडे लावायची रीत त्यांना आधी सांगून ठेवा, तिथे ऐनवेळी टाचण्या शोधायला नकोत. या घरांना आमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही. जवळच्याने जाऊन यावं आणि येण्याजाण्याची सोय वर्गणीतून करावी. पुष्पचक्राची सोय आणि वेळ सेंटरला विचारूनच ठरवा. त्यावेळी वाचायची नावं मोठ्या अक्षरांत छापून घ्या, आठवणीवर विसंबू नका.

कार्यक्रम आखताना आपले कान लक्षात घ्या. १३० मिलिमीटर आणि बोफोर्स तोफांजवळ नोकरी केलेली माणसं आहोत. टी.ए. (तोफेच्या माऱ्याचं गणित करणारे टेक्निकल असिस्टंट) आणि रेडिओ ऑपरेटर मंडळींना थोडंफार तरी ऐकू येतं, गनवाल्यांचं विचारू नका. तेव्हा माइक चांगला हवा, भाषणं तीनच, श्रवणयंत्राचे सेल जास्तीचे. सेंटरकडे म्युझियम बघायची आणि तोफेपाशी फोटोची परवानगी मागा. इतर रेजिमेंटांना निशाण असतं, आपलं निशाण तोफ, तेव्हा ग्रुप फोटो तिथेच व्हायला हवा. बाकी ठिकाणी फोन खिशात. कसम परेडचा (प्रशिक्षण संपताना शपथ घेतली तेव्हाचा) जुना फोटो असेल तर आणा, मात्र मागे पेन्सिलीनं नावं लिहून. आता टोपीखालचे ते चेहरे आपले आपल्यालाच ओळखू येत नाहीत.

गनर्स डे, म्हणजे तोपखान्याचा स्थापना दिवस, २८ सप्टेंबरला. १८२७ मध्ये याच तारखेला ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी ही तोफांची तुकडी उभी राहिली. मेळावा त्याच्या आसपास ठरला तर नाशकात पाऊस पुरता गेलेला नसतो, म्हणून छत्री आणि न घसरणारे बूट. सेंटरला त्या आठवड्यात स्वतःच्या कार्यक्रमांची धावपळ असते, तारीख त्यांना विचारूनच पक्की करा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड पाकिटात. उत्तरेकडून येणाऱ्यांनी तिकीट नाशिक रोडचं काढावं, देवळालीला बऱ्याच गाड्या थांबत नाहीत. लष्करी कॅन्टीनमधून सामान घ्यायचं कार्ड आणा, पण कॅन्टीन दुसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी तिकडे पाय वळले तर बड्या खान्याला (सगळ्यांच्या एकत्र जेवणाला) निम्मी बॅटरी गैरहजर.