ओठाच्या ट्युमरला इलेक्ट्रॉनचे एमयू काढताना

रेडिएशनच्या मशीनने किती बीम सोडायचा ते एमयूत (मॉनिटर युनिट) मोजतात. ते काढताना सूत्रात कोणी चुकत नाही, त्यात टाकायचे आकडे उचलताना चुकतात. म्हणून एक केसच घेऊ. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन खालच्या ओठाला गाठ झालेला पेशंट, जाडी १.५ सेंमी, रोज २ ग्रे डोस, ९० टक्क्यांच्या आयसोडोजवर (सारखा डोस पडणाऱ्या रेषेवर). आकडे समजावण्यापुरते आहेत, आपल्या मशीनचे मोजलेलेच वापरा.

आधी एनर्जी. इलेक्ट्रॉनची एनर्जी एमईव्हीत असते, तिला ३.२ ने भागा, साधारण तेवढ्या सेंमीपर्यंत ९० टक्के डोस पोचतो. ६ ला १.९ येतं, वाटतं चालून जाईल, पण ६ एमईव्हीला स्किनवर ७५-८० टक्केच डोस पडतो अन् इथं तर स्किनच टार्गेट आहे, मग वरून अर्धा सेंमी बोलस (टिश्यूसारख्या पदार्थाचा थर) ठेवा, खोली झाली २ सेंमी, ६ कमी पडली. ९ घ्या, ती २.८ पर्यंत जाते.

कटआउट (बीमला आकार देणारं भोक) ४ सेंमीचा गोल. इलेक्ट्रॉनची रेंज सेंमीत, एमईव्हीच्या निम्मी, ९ ला साडेचार, फील्ड त्याहून लहान, त्यामुळे बाजूचा स्कॅटर तुटतो, आउटपुट (दर एमयूला पडणारा डोस) बदलतो, ९० टक्क्यांची खोलीही वर सरकते. इथं कोनच्या (बीमच्या तोंडाला लावायच्या ॲप्लिकेटरच्या) टेबलातला आकडा उचलू नका बाप्पा! सेरोबेंडचा (कटआउटच्या मिश्रधातूचा) तोच तुकडा लावून फँटममध्ये (शरीराऐवजी वापरायच्या ठोकळ्यात) आउटपुट अन् पीडीडी (खोलीनुसार डोसची टक्केवारी) दोन्ही मोजा. समजा आउटपुट ०.९५ आला, आणि खोली पुरतेय.

कोन खांद्याला अडतो म्हणून एसएसडी (स्रोतापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर) नेहमीच्या १०० ऐवजी १०५ सेंमी, तोही बोलसच्या वरपर्यंत मोजलेला. इन्व्हर्स स्क्वेअरला (अंतराच्या वर्गाने डोस घटतो त्या हिशोबाला) १०० धरू नका, इफेक्टिव्ह एसएसडी धरा, तो प्रत्येक एनर्जी आणि कोनला वेगळा निघतो. आपला ९०, डीमॅक्स (सर्वात जास्त डोसची खोली) २, जादा अंतर ५, म्हणजे ९२ भागिले ९७ चा वर्ग, ०.९०.

२ ग्रे म्हणजे २०० सेंटीग्रे, २०० भागिले ०.९ (९० टक्क्यांचा आयसोडोज), झाले २२२. त्याला ०.९५ आणि ०.९० ने भागा, २६० एमयू. अंतर विसरलात तर २३४, थेट १० टक्के कमी.

मागचे दात-हिरड्या वाचवायला ओठामागे शिसं लागतंच. सेंमीला २ एमईव्ही झिजतात, शिशापर्यंत ५ उरतात, त्याचे निम्मे मिमी अधिक १, साडेतीन मिमी. पण शिशावरून उलटे येणारे इलेक्ट्रॉन ओठाच्या आतल्या बाजूला डोस चांगलाच वाढवतात, म्हणून त्यावर मेणाचा थर द्या.

हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा १ एमयूला १ सेंटीग्रे मशीन खरंच देते. चेंबरच्या (डोस मोजणाऱ्या, हवा भरलेल्या डबीच्या) रीडिंगला तापमान-दाबाचं करेक्शन लागतं, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. मोबाईलचं हवामान ॲप दाब समुद्रसपाटीचा करून दाखवतं, मे महिन्यात ॲपवर १००४ हेक्टोपास्कल असेल तर मशीनच्या खोलीत खरा दाब ९७० च्या आसपास असतो, साडेतीन टक्क्यांचा फरक! नवतप्यात एकदा मीच ॲपचा दाब टाकला, आउटपुट कमी दिसला, अन् मशीन वर ॲडजस्ट करायला निघालो, म्हणजे प्रत्येक पेशंटला डोस जास्त. सीनियर दारातूनच म्हणाले, काय करून राहिला बे, बॅरोमीटर कुठाय?

कपाटात होता.