ओआहूवरच्या घराला वाळवी : आधी जात ओळखा, मग औषध

हवाईच्या ओआहू बेटावर घर पोखरणाऱ्या मुख्य वाळव्या दोन, आणि दोन्ही बाहेरून आलेल्या. पहिली फॉर्मोसन वाळवी, दक्षिण चीन आणि तैवानकडची. ती जमिनीत राहते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होनोलुलूत ठाण मांडून आहे. दुसरी क्रिप्टोटर्मिस ब्रेविस, मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटातली. तिला ना माती लागते ना पाणी, कोरड्या लाकडातच तिचा जन्म जातो. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. घराला तंबू घालून गॅस सोडला, तरी जमिनीतलं वारूळ शाबूत राहतं. पायाभोवती औषध ओतलं, तर माळ्यावरच्या वाशातल्या कोरड्या वाळवीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कंपनीला फोन करण्याआधी जात नक्की करा.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची नजर आधी भिंतीवर मातीच्या नळ्या शोधते. फॉर्मोसन वाळवीच्या बाबतीत ती सवय कामाची आहे. नळी मधोमध एक इंचभर फोडा आणि काही दिवसांनी पाहा. बुजवलेली दिसली तर आत वाळवी आहे. पण फोडलेली नळी तशीच राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका, रस्ता बदललेला असू शकतो. फोडताना सैनिक बाहेर येतात. त्यांचं डोकं नारिंगी-तपकिरी, थेंबाच्या आकाराचं असतं आणि डिवचलं की कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब येतो. तो दिसला की बहुधा फॉर्मोसनच समजा.

कोरड्या वाळवीची माती कुठेच दिसत नाही. दिसतात ते विष्ठेचे दाणे, खिडकीच्या कडेवर किंवा कपाटाखाली रवाळ ढिगाऱ्यासारखे पडलेले. दाणा सुमारे एक मिलिमीटरचा. भिंगाखाली धरला की सहा बाजू स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक बाजू किंचित आत दबलेली असते. पिठासारखी भुकटी असेल तर ती भुंगेऱ्याची. भुश्यात किड्यांचे पाय-पंख असतील तर ते मुंग्यांचं काम. दाणे दिसले की झाडून काढा, खाली काळा कागद अंथरा, त्यावर तारीख लिहा आणि बरोबर वरचं एक-दोन मिलिमीटरचं भोक शोधा. जुन्या, मेलेल्या घरट्यातूनही दार आपटलं की दाणे गळतात. त्यामुळे एका ढिगाऱ्यावरून निष्कर्ष काढू नका.

मे-जूनच्या दमट, वारा पडलेल्या संध्याकाळी फॉर्मोसनचे पंखवाले दिव्यावर येतात. त्या वेळी बाहेरचे दिवे बंद ठेवा आणि खिडक्यांना पडदे लावा. बाहेरून आलेल्यांपैकी बहुतेक मरतात, त्यामुळे घाबरून घरभर स्प्रे मारायची गरज नाही. खिडक्या बंद असताना आत पंखांचा खच पडला, तर मात्र घरटं भिंतीतच आहे असं धरून चला.

फॉर्मोसनचा बंदोबस्त

टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर आणि लाकडाची ओल मोजायचं मीटर घेऊन घराखालून सुरुवात करा. ओआहूवरची बरीच जुनी घरं एकेरी फळ्यांच्या भिंतींची आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभी असतात. या ठोकळ्यांना इथे टोफू ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ठोकळ्याच्या चारही बाजू पाहा, मागची बाजू हमखास राहून जाते. खांबांना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. पोकळ वाजलं तर टोक खुपसून पाहा. माती आणि लाकूड यांत किमान १५ सेंटिमीटर अंतर हवं. काँक्रीटच्या लादीवरच्या घरात न्हाणीघराचे पाइप लादीतून वर येतात तिथली फट तपासा. दीड-दोन मिलिमीटरची भेगही वाळवीला पुरते.

पायाभोवती औषध घालायचं तर १५ सेंटिमीटर रुंद चर खणतात. फिप्रोनिलचं ०.०६ टक्के द्रावण दर मीटर लांबीला, दर ३० सेंटिमीटर खोलीमागे सुमारे ५ लिटर लागतं. परत टाकायची मातीही त्याच द्रावणात भिजवायची. कोरडी माती वर लोटली तर मधला थर औषधाशिवाय राहतो आणि वाळवी नेमकी तिथून येते. व्हरांड्याची काँक्रीट पायरी आणि भिंतीला चिकटलेली फुलझाडांची कुंडी या दोन जागा सुटतात. तिथे भोकं पाडून औषध दाबावं लागतं. विहीर, ओढा किंवा समुद्राकडे जाणारी गटारं जवळ असतील तर हा उपाय नको, फिप्रोनिल पाण्यातल्या जिवांना घातक आहे. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं.

पाणी असं जवळ असेल तिथे आमिष बरं. घराभोवती साधारण तीन-तीन मीटरवर, पायापासून अर्ध्या मीटरवर नळकांडी पुरतात. आतल्या आमिषात हेक्साफ्लुम्युरॉन किंवा नोव्हिफ्लुम्युरॉन असतं. ते खाल्लेल्या कामकरी वाळवीला कात टाकता येत नाही आणि वारूळ हळूहळू खचतं. ‘हळूहळू’ म्हणजे काही महिने. त्या काळात नळकांड्याजवळ मुंग्यांचा स्प्रे मारू नका, वासानं वाळवी आमिष सोडून देते. नळकांडी वारंवार उघडून वाळवीला डिवचत राहण्यानंही हेच होतं.

नवं घर बांधत असाल तर लादीखाली बेसॉल्टच्या कचेचा थर घालून घ्या. ही कल्पना हवाई विद्यापीठात मिनोरू तामाशिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. सह्याद्री ज्या दगडाचा आहे तोच हा दगड, १.७ ते २.४ मिलिमीटर आकारात चाळलेला. कण इतका मोठा की वाळवीला जबड्यानं उचलता येत नाही आणि इतका लहान की दोन कणांमधून तिला घुसता येत नाही. थर १० सेंटिमीटरचा, ठोकून बसवलेला. त्यात माती किंवा वाळू मिसळली की सगळं गणित बिघडतं. म्हणून कच पसरल्यावर त्यावरून चिखलाचे बूट आणि ढकलगाड्या नेऊ देऊ नका. १९८८ साली अमेरिकेत क्लोर्डेन या वाळवीनाशकाचा वापर बंद झाला. तेव्हापासून वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषाची सोय उरलेली नाही, म्हणून अशा न झिजणाऱ्या अडथळ्याची किंमत जास्त आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जमिनीशी संबंध नसलेल्या फॉर्मोसन घरट्यात. पंखवाली जोडी सपाट छतावर उतरते, तिथे गळती असते, आणि भिंतीच्या पोकळीत चघळलेलं लाकूड, विष्ठा आणि लाळ यांचं पुठ्ठ्यासारखं घरटं तयार होतं. ते ओल धरून ठेवतं, म्हणून या वसाहतीला खाली मातीत यावंच लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फॉर्मोसन दिसली तर प्रथम ओलीचा उगम शोधा: एसीच्या पाण्याचा पाइप, छताच्या कठड्याच्या कडेची भेग, शॉवरमागची गळती. मीटर २० टक्क्यांवर गेलं की तिथली फळी उघडा. घरटं काढा, पोकळीत फेसाळ औषध भरा आणि गळती दुरुस्त करा. गळती राहिली तर पुढच्या हंगामात तिथेच नवी जोडी घरटं मांडते.

कोरड्या वाळवीचा बंदोबस्त

एकाच चौकटीत असेल तर भोकं पाडून बोगद्यांत फेसाळ औषध भरता येतं, पण औषध पोचलं तिथलीच वाळवी मरते. एका घरात दहा ठिकाणी दहा छोट्या वसाहती असतात, तेव्हा तंबूच लागतो. तंबूत सोडायच्या सल्फ्युरिल फ्लोराइड गॅसची मात्रा तापमान, घराचं आकारमान आणि गळतीचा वेग पाहून ठरते. ते कंपनीचं काम. तुमचं काम तयारीचं, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. मूळ सील न तुटलेले डबे-बाटल्या सोडून सगळं खाणं आणि औषधं कंपनीनं दिलेल्या नायलॉनच्या पिशव्यांत दुहेरी बांधा, फ्रिजमधलंही. साध्या पॉलिथिनच्या पिशव्या चालत नाहीत. गाद्यांची जलरोधक आवरणं काढा, नाहीतर आत अडकलेला गॅस लवकर निघत नाही. घरातली झाडं बाहेर न्या. भिंतीलगतची झाडं मागे बांधून माती भरपूर भिजवा, ओल्या मातीत गॅस कमी शिरतो. घरात परतायचं ते मोजमापात हवेतला गॅस १ पीपीएम (दशलक्षात एक भाग) किंवा त्याखाली आल्याचं लेखी मिळाल्यावरच.

नंतर आठवडेभर दाणे गळले तर उपाय फसला असं समजू नका, ते जुन्या बोगद्यांतले असतात. पण या गॅसचा अंशही मागे राहत नाही, नवी जोडी दुसऱ्या दिवशीही शिरू शकते. म्हणून माळ्याच्या झरोक्यांना इंचाला २० छिद्रांची जाळी लावा. उघड्या, बिनरंगी लाकडावर बोरेटचे दोन हात द्या: एक लिटर कोमट पाण्यात डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट १२० ग्रॅम, सतत ढवळत. रंग किंवा व्हार्निशवरून ते आत मुरत नाही आणि पावसात धुऊन जातं, त्यामुळे छपराखालच्याच लाकडाला लावा. बोरेट लावलेलं नवं लाकूड कापलं, तर कापलेल्या टोकांना ब्रशनं पुन्हा लावा.

देव्हारा, तसबिरीची चौकट, लाकडी खेळणी अशा वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. माउई किंवा काउआई या हवाईच्या दुसऱ्या बेटांवर सामान हलवण्याआधी जुन्या फर्निचरमधून दाणे गळतात का ते तपासा: खालची बाजू, ड्रॉवरची पाठ, पायांची टोकं. दाणे गळत असतील तर ते फर्निचर उपचाराशिवाय जहाजावर चढवू नका.