गहू साफ दिसतोय? बुडातलं पान बघा

मुंबईत नोकरी आणि गावचा गहू फोनवर, असं ज्यांचं चालतं त्यांच्यासाठी हे. संक्रांतीला गावी गेलात की ओंब्या नंतर बघा, आधी बुडातलं पान बघा. भुरी म्हणजे पानावर येणारी पांढरी बुरशी. तिला १५ ते २२ अंशांची हवा मानवते आणि रुजायला पान ओलं असावं लागत नाही. पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहणारे याच थंडीत फसतात.

दाट गव्हात हात खालपर्यंत घाला. पीठ सांडल्यासारखा ठिपका अंगठ्याने पुसला गेला तर भुरी. बोटाला नारिंगी पूड लागली तर तांबेरा. आपल्याकडे तोच जास्त. पांढऱ्या बुरशीत बारीक काळे दाणे दिसले, तर रोग जुना आहे, कुणी वाकून बघितलं नाही एवढंच.

“हा वाण मागच्या साली साफ होता,” असं कुणी म्हणालं की मला धास्ती वाटते. गव्हातलं पीएम-३ हे भुरीला अडवणारं जनुक बुरशीचं ठरावीक प्रथिन ओळखतं. ओळख पटली की पानाची ती पेशी स्वतःच मरते, आणि जिवंत पेशीवरच जगणारी बुरशी उपाशी राहते. बुरशीच्या जनुकात जरा बदल झाला की ओळख चुकते. ही ओळख दाबणारं आणखी एक प्रथिनही तिच्याकडे असतं. राय या धान्यातून गव्हात आणलेलं पीएम-८ हे असंच जनुक जगभर पेरलं गेलं आणि बऱ्याच ठिकाणी निकामी ठरलं. वाण तोच, बुरशी बदललेली. म्हणून वाणाच्या नावावर जाऊ नका, खाली वाका.

“द्राक्षाची भुरी गव्हावर उतरलीय” म्हणत दुकानदार महागडं टॉनिक गळ्यात मारतो, बिल मुंबईला येतं. दोन्ही बुरशा वेगळ्या. एकीचं दुसऱ्या पिकावर काही चालत नाही. भुरी किंवा तांबेरा दिसला तरच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक फवारा, १० लिटर पाण्यात १० मिली. टॉनिक नको.

माझा अंदाज विचाराल तर विहिरीकडचा, युरिया जास्त पडलेला काळपट हिरवा पट्टा आधी तपासा.

बाकी कामं:
- फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाणी
- युरियाचा जादा हप्ता बंद
- भेसळीची, म्हणजे दुसऱ्या वाणाची रोपं उपटणे
- उंदरांची बिळं बुजवणे

परत आल्यावर भावाला “पीक कसंय?” विचारू नका, “बरंय” एवढंच ऐकायला मिळेल. दाणे भरेपर्यंत दर चार दिवसांनी बुडातल्या पानाचा फोटो मागवा.