पिरान्हाची पिल्लं कमी खर्चात कशी सांभाळावीत

दुकानात ‘पिरान्हा’ म्हणून जी पिल्लं दाखवतात, ती बरेचदा रूपचंद असतात. होय, तोच मासळी बाजारातला, तळून खातो तो रूपचंद. दोघांचंही मूळ दक्षिण अमेरिकेत, दोघं एकमेकांचे भाऊबंद, आणि रुपयाच्या नाण्याएवढे असताना दोघांचं रूपही सारखंच: चंदेरी अंग, काळसर ठिपके, पोटाला लाली. मी पहिल्यांदा चार ‘पिरान्हा’ आणले ते असेच. वर्षभरात फूटभर झाले, पालकाच्या पानावर तुटून पडायला लागले. शेवटी शेजारच्या कोळीणकाकूंनी टाकीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “अहो, कालवणाएवढे झालेत की तुमचे रूपचंद!”

हसण्यावारी नेलं, पण पैसे गेले ते गेलेच. म्हणून पहिलं काम ओळखण्याचं.

मासा ओळखा, मग पाकीट काढा

रंगावर आणि ठिपक्यांवर जाऊ नका. पिल्लू काचेजवळ आलं की मोबाइलने बाजूने फोटो काढा आणि मोठा करून बघा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, बुलडॉगसारखा. तोंड मिटलेलं असलं तरी हनुवटी बाहेर दिसते. रूपचंदाचं तोंड सपाट, खालचा ओठ पुढे येत नाही. मासा जरा मोठा असेल तर दातांवरून शंकाच उरत नाही. पिरान्हाचे दात त्रिकोणी, करवतीसारखे एकमेकांत बसणारे. रूपचंदाचे चक्क माणसाच्या दाढांसारखे चपटे, कारण त्याला नदीत पडणारी फळं आणि कठीण बिया फोडायच्या असतात. रूपचंद अडीच फुटांच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे त्याला घरच्या टाकीत ठेवणं कुठल्याच बजेटमध्ये बसत नाही.

खरा लाल पोटाचा पिरान्हा ॲमेझॉन, पाराना-पॅराग्वे आणि एसेकिबो या नद्यांच्या खोऱ्यांतला. घरी तो साधारण ८ ते १० इंच होतो, क्वचित फूटभर, आणि नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. दहा वर्षं म्हणजे आज पहिलीत असलेलं पोर अकरावीत जाईल तोवर. घरात हा विचार आधी होऊ द्या.

आणखी एक. बाहेरून आलेल्या माशांचे नियम बदलत असतात, तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारून घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये पिरान्हा पाळायला बंदी आहे.

टाकी: इथे काटकसर करा, पण आकारात नको

छोट्या पिल्लांना छोटी टाकी आणि मग दर सहा महिन्यांनी मोठी, हा सगळ्यात महागडा मार्ग. पिल्लं झपाट्याने वाढतात. सुरुवातीलाच ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी घ्या. ती काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर होते. काच धरून वजन ३०० किलोच्या आसपास जातं, म्हणून जुन्या टीव्हीच्या टेबलावर वगैरे ठेवू नका. लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट आणि मग टाकी. घर वरच्या मजल्यावर असेल तर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या आसपास.

नवी घेण्यापेक्षा जुनी शोधा. हौस संपलेले लोक खूप असतात आणि त्यांच्या बाल्कनीत टाकी रिकामी पडलेली असते. काच १० मिमीची असेल तर उत्तम. घेतल्यावर गच्चीत किंवा अंगणात वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवा, पूर्ण भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कागद ओला झाला तर काचांच्या सांध्यातलं सिलिकॉन गेलंय, ते खरवडून नवं भरून घ्यावं लागेल. वर झाकण हवंच, घाबरलेला पिरान्हा उडी मारतो.

तळाला रंगीत खडे टाकू नका. रिकामा तळ फुकटात मिळतो आणि उरलेलं अन्न लगेच दिसतं. लपायला पीव्हीसी पाइपचे जाड तुकडे आणि कड फुटलेलं एखादं मडकं पुरे. मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवा. दिवा नाही लावला तरी चालतो, उलट मंद उजेडातच हे मासे मोकळे वावरतात.

सिनेमांतला पिरान्हा बघून आलेल्या पाहुण्यांचा इथे विरस होतो. या माशाच्या बदनामीला मोठा हातभार लावला तो अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी, १९१३-१४ च्या ब्राझील मोहिमेनंतर लिहिलेल्या वर्णनांनी. प्रत्यक्षात तुम्ही खोलीत झटकन शिरलात की सगळी टोळी मडक्याआड. हेल्डर केरॉझ आणि ॲन मॅगुरन या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की पिरान्हा थव्याने राहतात ते मुख्यतः जिवाच्या भीतीने. दोनच मासे एकत्र ठेवले तर त्यांचा श्वास जोरात चालतो, आठ ठेवले तर शांत होतो.

मासे आणण्याआधी महिनाभर पाणी चालवा

हा भाग लोक टाळतात, आणि मग ‘आठवड्यात सगळे मेले’ म्हणून दुकानदाराशी भांडतात.

माशाच्या विष्ठेतून आणि सडलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विष आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात, आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दही लावण्यासारखंच आहे, फक्त विरजण नसेल तर वाट बघावी लागते. विरजण मिळतंही: ओळखीच्या माणसाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. ओलाच आणा, वाळला की उपयोग गेला.

विरजण नसेल तर सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा जुन्या ओढणीच्या फडक्यात बांधून टाकीत सोडा. वास येईल, घरचे बोलतील. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. आठवड्यातून दोनदा थेंबांच्या टेस्ट किटने पाणी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. त्यामागून नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की पाणी तयार. टेस्ट किटचे पैसे वाचवू नका, बाकी कशाचेही वाचवा.

फिल्टर महागडा नको. दोन मोठे स्पंज फिल्टर आणि दोन तोंडांचा एक एअर पंप. शिवाय भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात भांडी घासायच्या नव्या प्लास्टिकच्या घासण्या भरून तो एअर पंपाच्या नळीवर चालवा; जिवाणूंना बसायला त्यांत भरपूर जागा असते. घासणी साधी घ्या, साबण लावलेली किंवा तारेची नको. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. नळाच्या क्लोरीनने महिन्याची वस्ती दोन मिनिटांत साफ होते.

विजेचा हिशेब: ५ वॉटचा एअर पंप महिनाभर सतत चालला तर साडेतीन युनिट. खरी वीज हीटर खातो. पाणी २४ ते २८ अंश हवं. मुंबईत आणि कोकणात बहुतेक दिवस हीटरशिवाय निभतं. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीत २०० वॉटचा हीटर लागेल. तो दिवसातून आठ तास पेटला तर रोज १.६ युनिट. टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावलं की बरीच ऊब टिकते. हीटर भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवा, कारण दचकलेला मासा त्यावर आपटला तर हीटरची काच फुटते. पाणी बदलताना त्याचं बटण आधी बंद.

पिल्लं किती, आणि आणल्यावर काय

एकाच आकाराची पाच. लहानमोठी मिसळ घेतली तर लहान पिल्लू मोठ्याचं जेवण होतं. मोठे झाल्यावर या टाकीत तीनच सुखाने राहतील, तेव्हा उरलेले दोन कुठे जाणार हे आधीच ठरवा. माझे दोन एका मित्राच्या सहा फुटी टाकीत गेले, अजून तिथेच आहेत.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं कपभर पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने फक्त मासे सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. पहिला दिवस दिवा नाही, जेवण नाही, काचेवर टकटक तर नाहीच.

जेवण आपल्याच स्वयंपाकघरातून

घरी कोळंबी आली की मीठ-हळद लावण्याआधी मूठभर बाजूला काढा. सोला, पाठीतला काळा धागा काढा, बारीक चिरा. प्लास्टिकच्या पिशवीत पापडासारखी पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. रोज नखाएवढा तुकडा मोडायचा, वाटीत वितळवायचा, पाणी गाळून टाकीत. पाव किलो कोळंबी पाच पिल्लांना खूप दिवस जाते. तिलापियाचं बिनकाट्याचं मांस, खतं-औषधं न मारलेल्या मातीतली गांडुळं, फ्रोझन ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) हेही आलटून पालटून द्या. तुकडा माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको.

एकट्या कोळंबीवर ठेवू नका; लहानपणापासून मांसाहारी माशांच्या गोळ्यांचीही सवय लावा. मोठा झालेला पिरान्हा गोळी तोंडात घेऊन थुंकून टाकतो, हट्टी पोरासारखा. मटण, चिकन नकोच, त्या चरबीने पाण्यावर तवंग येतो. आणि जिवंत गोल्डफिश टाकण्याचा तमाशा तर मुळीच करू नका. त्यातून रोग येतात, शिवाय गोल्डफिशच्या मांसात थायमिनेज असतं, जे माशाच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

दोन इंचांपर्यंत दिवसातून तीनदा, चार इंचांपर्यंत दोनदा, नंतर एकदा. पाच-दहा मिनिटांत न खाल्लेलं बाहेर काढा.

शेपटी कुरतडलेली दिसली तर घाबरू नका, पण अर्थ समजून घ्या. रानातही पिरान्हाची पिल्लं दुसऱ्या माशांचे पर कुरतडूनच पोट भरतात. पाचांपैकी एकाची शेपटी रोज थोडी कमी होत असेल, तर जेवण कमी पडतंय किंवा लपायला जागा कमी आहे. जखमी पिल्लू वेगळ्या बादलीत ठेवा, टाकीतलंच पाणी, एअर पंपाची नळी आणि लिटरला १ ग्रॅम बिनआयोडीनचं खडेमीठ. पर एक-दोन आठवड्यांत पुन्हा येतात. अंगावर साबुदाण्याहून बारीक पांढरे ठिपके आले तर पाणी रोज एकेक अंशाने ३० पर्यंत न्या आणि हवा वाढवा. बाटलीतलं औषध वापरायचंच असेल तर अर्ध्या मात्रेने सुरुवात करा, या जातीच्या माशांना ते सोसत नाही.

दर रविवारी चार बादल्या

पाव टाकी पाणी दर आठवड्याला बदला, म्हणजे साधारण चार बादल्या. नळीने तळाची घाण ओढून घ्या. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, हवा सोडलेलं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन घाला. काढलेलं पाणी ओतू नका, कढीपत्त्याला आणि तुळशीला त्यातलं नायट्रेट भलतं मानवतं.

पिरान्हा माणसाच्या अंगावर धावून येत नाही, पण कोपऱ्यात सापडला की चावतो. जाळीने पकडलात तर दात जाळीत अडकतात, म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरा. आणि कितीही कंटाळा आला तरी मासा तळ्यात, नदीत, विसर्जनाच्या हौदात सोडायचा नाही. दुकानदार परत घेतो, हौशी लोक घेतात, विचारत राहा.

गणपतीला पाच दिवस गावी जायचं असेल तर चार इंचांवरचे मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, पिल्लं नाही. प्रत्येक दिवसाची कोळंबी वेगवेगळ्या पुडीत बांधून, वर वार लिहून शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. शेजारी प्रेमाने दुप्पट घालतात, म्हणून जादा पुडी देऊ नका. टाकीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: ‘रोज एकच पुडी. हात पाण्यात घालू नये.’