भूसुरुंग आणि स्वायत्त शस्त्रे : व्याख्यानाची तयारी कशी करावी

इंदूरच्या एखाद्या मराठी व्याख्यानमालेत या विषयावर बोलायचे असेल, तर महू येथून जवळच आहे आणि तिथल्या लष्करी संस्थांत उमेदीची वर्षे घालवलेली मंडळी पुढच्या रांगेत बसलेली असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्यापुढे मोघम विधान टिकत नाही.

आरंभ यंत्रमानवापासून करू नये, भूसुरुंगापासून करावा. साधा सुरुंग दाब पडताच फुटतो. पाय जवानाचा की गुराख्याचा, हे त्याला कळत नाही, आणि पेरणारा त्या क्षणी तिथे नसतो. पेरण्याचा निर्णय आणि स्फोट यांत काही तास जातात, तशी कधी कधी दशकेही जातात. स्वायत्त शस्त्रांच्या वादाचे मूळ याच अंतरात आहे, म्हणून निम्मा वेळ येथेच द्यावा. नव्या पिढीचे उदाहरण म्हणून 2022 मध्ये युक्रेनमध्ये आढळलेला रशियाचा पीओएम-3 घ्यावा : त्यावर पाय पडावाही लागत नाही, जवळून चालणाऱ्याच्या पावलांची जमिनीतली कंपने त्याला पुरतात.

मग कायदा. व्यक्तिविरोधी सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या 1997 च्या ओटावा करारावर भारताची सही नाही. मात्र काही पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या जिनिव्हा कराराच्या 1996 च्या सुधारित नियमावलीने भारत बांधील आहे. दूरवरून फेकलेल्या अशा सुरुंगांपैकी किमान 90 टक्के 30 दिवसांत आपोआप नष्ट व्हावेत आणि 120 दिवसांनंतर हजारात एकाहून अधिक जिवंत राहू नये, अशी तिची अट आहे. ही अट फळ्यावर लिहावी आणि मधल्या 90 दिवसांत उरलेल्या दहा टक्क्यांवर पाय पडला तर उत्तरदायी कोण, असे श्रोत्यांना विचारावे.

स्वायत्त शस्त्राची व्याख्या एकाच वाक्यात सांगावी : एकदा सुरू केल्यावर जे माणसाच्या पुढील आदेशाविना लक्ष्य निवडते आणि मारा करते. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. ही चर्चा जिनिव्हातील शस्त्रविषयक कराराच्या मंचावरच व्हावी, ही भारताची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडावी, मग स्वतःचे मत द्यावे. माझे मत बंदीच्या बाजूचे आहे. तरी 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी रशियाच्या धास्तीने ओटावा करार सोडण्याचा निर्णय घेतला, हे लपवू नये.

प्रश्नोत्तरांत 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे पाकिस्तान सीमेवरच्या त्या मोठ्या लष्करी जमवाजमवीत, सुरुंग पेरलेला वा काढलेला कोणी उभा राहिला, तर ध्वनिक्षेपक त्याच्याकडे द्यावा आणि वेळेची चिंता करू नये.