पिकअपला घरी फॉग लाइट लावताय? आधी या चुका टाळा

जून लागला की आमच्या आडगाव नाक्याकडे एकच प्रकार सुरू होतो. रात्री भाजीपाला घेऊन वाशीला जाणारी पोरं ऑनलाइन फॉग लाइट मागवतात, रविवारी दुपारी बंपर उघडतात आणि सोमवारी सकाळी जळकी वायर हातात घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात उभी. इगतपुरी ते कसारा पावसाळ्यात धुकं कसं असतं ते मलाही माहितीय, लाइट लावू नका असं माझं म्हणणंच नाही, पण रिल्स बघून पंधरा मिनिटात होणारं काम नाहीये हे.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे हेडलाइटच्या वायरीतून करंट उचलणे. वायर सोलली, पिळा मारला, वर टेप गुंडाळली, लाइट लागला, झालं! अरे पण 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट, बारा व्होल्टला भागा, नऊ अँपियरच्या वर जातं. कंपनीने ती वायर हेडलाइटपुरती दिलीय, तुमच्या हौसेसाठी नाही. एकतर फॉग मिणमिणतात (व्होल्टेज दहा टक्के पडला तर हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो) नाहीतर फ्यूज उडतो. आणि फ्यूज उडाला की पोरगं काय करतं, तर मोठा फ्यूज टाकतं.

आमच्याच गल्लीतल्या एकाने हेच केलं होतं. मी म्हटलं रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट बॅटरीतून थेट सोडणारा स्विच) टाक, तर म्हणे "काका, दोन वायरी तर जोडायच्यात, त्याला काय रिले." फ्यूज दोनदा उडाल्यावर पठ्ठ्याने तिथे 30 अँपियरचा बसवला. ऑगस्टमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून निघाला, घाटात धो धो पाऊस, टेप भिजून सुटली आणि उघडी वायर बंपरच्या पत्र्याला टेकली. फ्यूज मोठा, तो कशाला उडतोय, त्याच्याऐवजी वायर तापली आणि शेजारच्या सगळ्या वायरींना चिकटत गेली. ऐन वळणावर फॉगही गेले, हेडलाइटही गेले. मागून कंटेनर उतरतायत आणि हा क्लिनरच्या मोबाइलच्या टॉर्चवर गाडी कडेला घेतोय. नशीब म्हणून वाचला. नंतर माझ्याकडे गाडी आली तेव्हा बॉनेटखालचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उघडलं तर आत वायरी नव्हत्याच, काळा गोळा होता. अख्खं वायरिंग बदलावं लागलं, त्यात रिले किटं कितीतरी आली असती आणि वर मार्केट चुकलं ते वेगळंच. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, लाइटला नाही, एवढं कळलं तरी निम्मी कामं माझ्याकडे येणार नाहीत.

मी कसं करतो ते सांगतो. आधी बॅटरीची मायनस काढायची, प्लस नंतर, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. मग बॅटरीच्या प्लसवरून 2.5 स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर, वीतभर अंतरावर 15 अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनला. 87 मधून लाइट, 85 अर्थला म्हणजे गाडीच्या बॉडीला, 86 ला स्विचमधून पार्किंग लाइटचा करंट. पार्किंगवरूनच का, तर पार्किंग लाइट बंद केला की फॉगही बंद, सकाळी गाडीला धक्का मारायला माणसं गोळा करायला नको. जॉइंटला थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि वर स्लीव्ह (नळी), टेप मी वापरतच नाही. वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, दुकानातच परत द्या.

अर्थ रंगावर लावू नका. पत्रा खरवडा, बोल्ट आवळा, वर ग्रीस. "नवीन लाइट पण खराब निघाला" म्हणून येणाऱ्यांचा बऱ्याचदा फक्त अर्थ लूज असतो.

आता माझी दुसरी चीड. लाइटची नजर, म्हणजे उजेड कुठे पडतो ते, रिकाम्या गाडीवर सेट करणे. कारला चालतं, पिकअपला नाही. मागे दीड टन माल पडला की पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि नाक वर होतं. नाक एक अंश जरी उचललं तरी 25 फुटांवर उजेड पाच इंच वर सरकतो, मग सगळा धुक्यात जाऊन थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यात परत येतो आणि समोरचा अप्पर-डिपर मारून शिव्या घालतो तो वेगळा. माल भरलेला असतानाच गाडी सपाट जागेवर भिंतीपासून 25 फूट उभी करा, लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आणा. रिकामी असताना उजेड जवळ पडेल, पडू दे. फॉग लाइट लांबचं दाखवायला नसतोच, रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दिसला की त्याचं काम झालं. मार्केट यार्डात गाडी भरून उभी असते तेव्हा तासभर टाइमपास करता ना, तेव्हाच करा हे.

पिवळा धुकं फाडतो वगैरे दुकानदार सांगतो, ते सोडा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, पिवळा काय आणि पांढरा काय, सारखाच विखुरतो. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असतो म्हणून डोळ्याला कमी खुपतो, मला स्वतःला तोच आवडतो, पण चुकीच्या नजरेचा पिवळाही आंधळाच करतो. हॅलोजनच्या डब्यात एलईडी बल्ब तर घालूच नका, रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बनवलेला असतो, उजेड कुठेही उधळतो.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा.

सिलिकॉन चोपडून डबा चहूबाजूंनी बंद करू नका. खालचं भोक श्वास घ्यायला असतं, ते बुजलं की आतली वाफ आतच राहते.

ग्रिलसमोर लांबलचक बार लावला तर रेडिएटरची हवा अडते, लोडवर चढताना टेंपरेचरचा काटा बघा मग.

आणि ब्रॅकेट वेल्ड करू नका. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल चालू देत नाही, पासिंगला कुणी काढा म्हटलं तर ग्राइंडर शोधत फिराल. बंपरला कंपनीची जागा असेल तर तिथेच बसवा, नसेल तर बोल्टवर, खाली, आणि नटाला स्प्रिंग वॉशर टाका, आपल्याकडच्या खड्ड्यांत साधा नट टिकत नाही.