केस दाखवा, पेशंट नको

‘सराफ्यात रात्री जिलबी तळणारे, वय 52.’ इंदूरमध्ये डॉक्टरांसमोर एका पेशंटची केस मांडताना पहिल्याच स्लाइडवर मी हे लिहिलं होतं. सराफा म्हणजे तिथला रात्रीचा खाऊबाजार. नाव नव्हतं, तरी मागच्या रांगेत कुजबुज झालीच, "अरे, हे तर आपले काका!" आता मी ‘पन्नाशीतले, तासन्‌तास भट्टीसमोर उभे’ एवढंच लिहितो. निदानाला तेवढं पुरतं. तारखांच्या जागी ‘पहिला दिवस, चौथा दिवस’.

खरी गोम एक्स-रेच्या फोटोत. कोपऱ्यातल्या नावावर काळा चौकोन ठेवला की झालं, असं वाटतं. पण फाइल ग्रुपवर गेली की तो कुणीही माऊसने बाजूला सरकवू शकतो. क्रॉप केलेला भागही पॉवरपॉइंटच्या फाइलीत राहतो. ‘कम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर टिक करा. मी तर नाव झाकून स्क्रीनशॉट घेतो, तोच लावतो आणि मूळ चित्र उडवतो. स्लाइडखालच्या नोट्स आणि फाइलचं नावही बघा; तिथे हमखास काहीतरी राहतं.

चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही ती ओळख लपवायला अपुरी मानते. चेहरा दाखवायचाच असेल तर लेखी संमती घ्या, तीही पेशंटला कळेल अशा भाषेत.